हाली की कलदार?

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना एखादी किंमत सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "हाली की कलदार?" हाली म्हणजे निजामाचा हाली सिक्का आणि कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. नांदेड, लातूर हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि हाली सिक्का तर त्यानंतरही १९५९ पर्यंत तग धरून होता. त्यामुळे 'शंभर रुपये' हे इकडे अर्धंच वाक्य असायचं. कुठले शंभर, हे सांगितल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नसे.

मंडळी, आजचा विषय मात्र नाण्यांचा नाही. आजचा विषय आहे गाडीच्या इंजिनातले नट-बोल्ट किती आवळायचे हा. आता तुम्ही म्हणाल, सोमवार ते शुक्रवार कोड लिहिणाऱ्या माणसाला ही काय नसती उठाठेव? पण गेले काही शनिवार-रविवार मी याच विषयात अडकलोय, आणि जितकं वाचत गेलो तितकं वाटत गेलं की हाली-कलदारचा प्रश्न आणि हा प्रश्न सख्खे भाऊ आहेत. कसे, ते सांगतो.

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, थोडंच आहे.

बोल्ट म्हणजे दोन वस्तू जोडणारी खुंटी असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बोल्ट हा एक अतिशय ताठ स्प्रिंग असतो. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि तो परत आखूड व्हायचा प्रयत्न करतो म्हणून दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. सगळी करामत त्या ताणात आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात, आठवून बघा. धाव चाकापेक्षा जराशी लहान करायची, भट्टीत तापवून फुलवायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळे लाकडी तुकडे असे काही आवळून धरते की खिळ्याची गरजच पडत नाही. बोल्टाचं काम नेमकं हेच. ज्या गावात लोहार आणि सुतार होते, त्या गावाला ही कल्पना इंग्रज इंजिनिअरांनी शिकवायची गरज नव्हती.

प्रश्न असा की बोल्ट किती ताणला गेला हे बाहेरून दिसत नाही. म्हणून आपण ताण मोजत नाही, पाना फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. यालाच टॉर्क म्हणतात. हाताचा जोर गुणिले पान्याची लांबी, एवढंच ते गणित. पण खरी गंमत पुढे आहे. तुम्ही लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी चाळीसेक टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायच्या कामी येतो! म्हणजे आपण जे मोजतो त्यात नव्वद टक्के घर्षण आणि दहा टक्के काम. (सरकारी खात्यांवरचे विनोद तुम्हीच जुळवून घ्या.)

याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने बघू. दहा मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ असं कोरलेला साधा बोल्ट घ्या. या ८.८ चाही अर्थ आहे: पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताणाला तो तुटतो, आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. अशा बोल्टाला अंदाजे अडीच टनांचा ताण द्यायचा असेल, तर कोरड्या आट्यांना सुमारे ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आता त्याच बोल्टाला ऑइल लावा आणि तोच ५० चा आकडा गाठा. घर्षण कमी झालं, त्यामुळे ताण जातो जवळजवळ ३.४ टनांवर. ही त्या बोल्टाची हमी दिलेली सहनशक्ती संपण्याची सीमा. पाना तोच, आकडा तोच, हात तोच. फरक फक्त एका थेंबाचा!

तर पहिला मुद्दा इथे: टॉर्कचा आकडा एकटा येत नाही, त्याच्याबरोबर अटी येतात. आटे कोरडे की तेलकट? बोल्ट नवा की वापरलेला? खाली वायसर आहे की नाही? आकडा कुठल्या एककात आहे? म्हणजेच, हाली की कलदार?

आता इतिहासाकडे वळू.

१८४१ साली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने एक निबंध वाचला. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे, एकीकडचा नट दुसरीकडच्या बोल्टावर बसायचा नाही. व्हिटवर्थने सुचवलं की आट्याचा कोन सगळ्यांनी ५५ अंश ठेवावा आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे हे ठरवून टाकावं. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी ते उचललं, आणि रेल्वेबरोबर ते आटे हिंदुस्थानात आले.

मराठवाड्याचा या बाबतीतला इतिहास फार मजेदार आहे. १९०० च्या सुमारास नांदेडला रेल्वे आली ती मनमाड-सिकंदराबाद मार्गाची, मीटर गेज. लातूरला रेल्वे आली १९११ साली, ती दुसऱ्याच दिशेने, बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी नॅरो गेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली ही लाइन, आणि तिचा वर्कशॉप कुर्डुवाडीला. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरची दोन गावं, पण एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालू शकत नव्हती. पण दोन्हीकडची इंजिनं ब्रिटिश घडणीची. म्हणजे जिथे रूळ जुळत नव्हते, तिथे निदान बोल्ट जुळत होते! रुळांचं भांडण मिटायला मात्र जवळजवळ शतक गेलं. लातूरची नॅरो गेज ब्रॉड गेज झाली ती २००७-०८ च्या आसपास.

रस्त्यावरच्या इंजिनांची गोष्ट १९३२ ची. निजाम सरकारच्या रेल्वेने त्या वर्षी स्वतःचं रस्ता वाहतूक खातं काढलं. २७ बस आणि १६६ कर्मचारी, एवढ्यावर सुरुवात. बस होत्या अल्बियन कंपनीच्या, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या. रेल्वेनेच बस चालवायच्या हा प्रकार त्या काळात नवलाचा होता. त्यातली एक जुनी अल्बियन हैदराबादच्या बसभवनात जपून ठेवलेली आहे. तिच्या इंजिनाचे आटेही अर्थातच ब्रिटिश, इंचातले.

इंचावरून आठवलं. आपल्याकडे कारागिरांनी इंच कधी दशांशात मोजला नाही. इंचाचे आठ भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. आजही लातूरच्या औसा रोडला किंवा नांदेडच्या देगलूर नाक्याला एखाद्या वयस्कर मिस्त्रीला विचारा, तो "तीन सुती बोल्ट" असंच म्हणेल. साहेबाचा इंच, पण त्याची फोड देशी. मला ही फार आवडती गोष्ट वाटते. परकं माप इथल्या तोंडात बसवून घ्यायची ही पद्धत.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेने १८६४ पासून विल्यम सेलर्सच्या सूचनेप्रमाणे ६० अंशांचे आटे धरले होते, ब्रिटनचे ५५ अंशांचे. युद्धात दोघे एकाच बाजूला, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला चालेना. रणगाडे, विमानं, ट्रक, सगळ्यांच्या सुट्या भागांचे दोन-दोन साठे ठेवावे लागले. शेवटी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. तारखेकडे बघा. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन बरोब्बर दोन महिने आणि एक दिवस झाला होता. इकडे दोन राज्यं एक झाली, तिकडे दोन आटे. (याचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण असे योगायोग सापडले की माझा रविवार सार्थकी लागतो.)

स्वातंत्र्यानंतर मात्र आपल्याकडे एकीकरण सोडा, खिचडीच झाली. महिंद्रांनी विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तिचे बोल्ट अमेरिकन इंचातले. अँबॅसिडर आली मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली, तिचेही आटे इंचातले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियरने कुर्ल्यात फियाट बनवली, ती इटालियन, म्हणून मिलिमीटरची. टेल्कोने १९५४ साली डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले, तेही मिलिमीटरचे, पण जर्मन वळणाचे. आणि देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, जो ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. म्हणजे नांदेडच्या बाजारात हाली गेली, शेर गेला, मण गेला, गज गेला, आणि हे सगळं दहा-बारा वर्षांत. गॅरेजातल्या माणसाला मात्र जुनं काही टाकून देता येत नव्हतं, कारण जुन्या गाड्या चालूच होत्या. त्याच्या पेटीत व्हिटवर्थचे पाने, अमेरिकन इंचाचे पाने आणि मिलिमीटरचे पाने असे तीन संसार एकत्र नांदायचे.

एसटीचंही तेच. आपली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी मराठवाडा अजून निजामाकडेच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हैदराबादच्या परिवहन खात्याचा इकडचा हिस्सा वेगळा काढून मराठवाडा राज्य परिवहन झालं, आणि १९६१ साली ते, नागपूरकडची सेवा आणि मुंबईचं महामंडळ मिळून आजचं एसटी महामंडळ बनलं. तीन घरच्या बस, तीन घरची हत्यारं, तीन घरच्या सवयी. औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) चिकलठाण्याचा मध्यवर्ती वर्कशॉप हा दापोडी आणि हिंगणा यांच्याबरोबरचा तिसरा. एक राज्य होणं म्हणजे नकाशावर रेघ पुसणं एवढंच नसतं. कुठेतरी कुणीतरी बसून 'यापुढे हा बोल्ट, हा पाना' असं ठरवावं लागतं.

मेट्रिक झालं म्हणून तरी गोंधळ मिटला का? छे! दहा मिलिमीटर बोल्टाचं डोकं जुन्या जर्मन पद्धतीत १७ चं, जपानी पद्धतीत १४ चं, आणि आंतरराष्ट्रीय मानकात १६ चं. म्हणून १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या काही वर्षांत ती आपल्याकडे पोचली, तेव्हा मिस्त्रींच्या पेटीत १७ चा पाना मागे पडला आणि १०, १२, १४ ची चलती सुरू झाली. मी लहानपणी नांदेडात पाहिलेल्या गॅरेजांत पोरांना पान्याच्या नंबरानेच गाडी ओळखता यायची. "चौदा नंबर दे" म्हटलं की मारुती आलीय, "सतरा नंबर" म्हटलं की टाटा.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या काळात टॉर्क मोजायचं हत्यार कुठे होतं?

जगात ते होतं. न्यूयॉर्कच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहरने १९१८ च्या सुमारास ते बनवलं असं सांगतात. पाण्याच्या मोठ्या नळांचे बोल्ट कोणी कमी, कोणी जास्त आवळायचे, त्यावरचा हा उपाय. पुढे मोटार कारखान्यांनी ते उचललं, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक बोल्टापुढे आकडा छापला जाऊ लागला. पण मी ऐंशी-नव्वदच्या दशकात नांदेड-लातूरकडे जी गॅरेजं पाहिली, तिथे टॉर्क रेंच भिंतीवर टांगलेला मला आठवत नाही. रिंग पाने होते, गोट्यांचा सेट होता, हातोडा होता. आणि तरी इंजिनं बांधली जात होती, आणि ती इंजिनं लाख-लाख किलोमीटर चालत होती.

हे कसं काय? शहरातले माझे मित्र यावर दोनच उत्तरं देतात. एक, "नशीब!" दोन, "आपले कारागीर म्हणजे जादूगार." मला दोन्ही पटत नाहीत. खरं उत्तर पान्यात आहे.

पाने नीट बघा. लहान नंबरचा पाना आखूड असतो, मोठ्या नंबरचा लांब. हा लांबीचा हिशोब मुद्दाम केलेला असतो. १७ चा साधा पाना सुमारे वीस सेंटिमीटरचा. सराईत माणसाने एका हाताने नेटाने ओढलं तर पंचवीसेक किलोचा जोर पडतो. पंचवीस गुणिले वीस सेंटिमीटर म्हणजे पाच किलो-मीटर, म्हणजे जवळजवळ ४९ न्यूटन-मीटर. आणि वर आपण त्याच जाडीच्या बोल्टासाठी काय आकडा काढला होता? पन्नास! म्हणजे आकडा मॅन्युअलमध्ये नव्हता तरी हत्यारात होता, पोलादात घडवलेला. मिस्त्रीच्या हाताने तो वर्षानुवर्षं वाचला होता. एका वयस्कर उस्तादांना मी हे विचारलं तेव्हा ते त्यांच्या दखनीत एवढंच म्हणाले, "पाना खुद बोलता, सुनना आना." मला वाटतं इतकी नेमकी व्याख्या कुठल्या टेक्स्टबुकात नाही.

आणि म्हणूनच त्या गॅरेजांमध्ये एक अलिखित कायदा होता: हेड आवळताना पान्याला पाइप लावायचा नाही. पाइप लावला की लांबी तिप्पट, जोर तिप्पट, आणि हाताला लागलेलं सगळं माप खोटं. गंजलेला बोल्ट उघडायला पाइप चालेल, बांधायला नाही. तसंच हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर जायचं, आणि एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत. का? तर कडेपासून सुरू केलं तर मधला फुगा दबायला जागाच उरत नाही. हे त्या पोरांना कोणी वर्गात शिकवलं नव्हतं, पण ते चुकत नसत.

पण मंडळी, इथेच टाळ्या वाजवून थांबलो तर ते खोटं ठरेल. हाताच्या अंदाजाची हद्द असते, आणि ती हद्द साहित्य बदललं की बदलते. बीड आणि पोलाद यांच्यावर तयार झालेला हात ॲल्युमिनियमवर फसतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुलतं. मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा बेचाळीसच्या वर जातो, रेडिएटरमध्ये बोअरचं क्षारांचं पाणी, चढावर भरलेली गाडी. थंड असताना 'बरोबर' वाटलेला बोल्ट गरम झाल्यावर हेडमध्ये रुततो. पुन्हा थंड झाला की सैल पडतो. मग गॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं, आणि टॅक्सीवाल्याचा महिन्याचा धंदा बसतो. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तर याहून वाईट. तो सैल राहिला तर इंजिनाला भोक पाडूनच बाहेर येतो.

डोळ्याच्या अंदाजाचं काय होतं याचं एक उदाहरण विमानातलं आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅमहून निघालेल्या विमानाची पुढची काच १७ हजार फुटांवर उडाली आणि कप्तान अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. चौकशीत निघालं की उड्डाणाच्या साधारण २७ तास आधी काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्त फरकाने बारीक बसवले गेले होते. जुना बोल्ट हातात धरून, डोळ्याने जुळवून निवडलेले. आवळायला टॉर्कवर बांधलेलं हत्यार वापरलं होतं, तरीही! आकड्याची अटच मोडली होती, मग आकडा काय करणार?

आणि एककांचा गोंधळ तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. १९९९ साली नासाचं मंगळाभोवती फिरायला निघालेलं यान हरवलं, कारण एका प्रोग्रॅमने जोराचं माप पाउंडात दिलं आणि दुसऱ्याने ते न्यूटन समजून घेतलं. गॅरेजात हाच घोळ रोज शक्य आहे. जुन्या जपानी मॅन्युअलमध्ये आकडे किलो-मीटरमध्ये, ब्रिटिश-अमेरिकन मॅन्युअलमध्ये फूट-पाउंडात, नव्यांमध्ये न्यूटन-मीटरमध्ये. मॅन्युअल म्हणतं ५०, आणि हातातल्या रेंचवर फूट-पाउंडाचे आकडे असतील, तर प्रत्यक्षात बसले ६८ न्यूटन-मीटर. छत्तीस टक्के जास्त. हाली-कलदारमधला फरक सतरा टक्क्यांच्या आसपास होता, आणि त्यासाठी आपले आजोबा दर वेळी प्रश्न विचारायचे!

मग नव्या इंजिनांनी यावर काय उपाय काढला? तो ऐकून मला हसूच आलं. अनेक आधुनिक इंजिनांच्या हेडबोल्टांना आता पूर्ण टॉर्कचा आकडा देतच नाहीत. आधी थोडा टॉर्क द्यायचा, बोल्ट टेकला की मग ९० अंश फिरवायचा, कधी पुन्हा ९० अंश. कारण आट्यांच्या पुढे सरकण्यावर बोल्ट किती लांबला हे ठरतं, घर्षणावर नाही. नव्वद टक्के वाया जाणारा जोर मोजण्यापेक्षा फिरणंच मोजायचं. आता आपल्या जुन्या मिस्त्रीचं वाक्य आठवा: "हाताला लागला की वर पाव फेरा." पाव फेरा म्हणजे किती अंश? नव्वद! जगभर फिरून शास्त्र परत पाव फेऱ्यावर आलं. फरक इतकाच, की हे बोल्ट मुद्दाम कायमचे लांबतील इथपर्यंत ताणलेले असतात, म्हणून अनेकदा एकदा उघडले की पुन्हा वापरायचे नसतात. पाव फेरा गॅरेजला आधीच ठाऊक होता, पण 'जुना बोल्ट फेकून दे' ही अट ठाऊक नव्हती. आणि ती अट इंग्रजी मॅन्युअलच्या तळटीपेत असते.

इथे माझा खरा मुद्दा येतो. आकडा आता कोणाकडे आहे?

मागे एकदा मी माझ्या गाडीच्या हेडबोल्टांचे आकडे एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारले. समोरच्याने नम्रपणे सांगितलं, "सर, ते बाहेर देत नाही." म्हणजे गाडी माझी, बोल्ट माझा, पण तो किती आवळायचा हे गुपित! हा काही माझा एकट्याचा अनुभव नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच जातीच्या तक्रारीवर: सुटे भाग, तपासणीची हत्यारं आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही. पुढे प्रकरण अपिलात गेलं. पण आयोगाने जे लिहून ठेवलं ते महत्त्वाचं आहे, की ही माहिती खुल्या बाजारात उपलब्ध हवी.

विचार करा, जेव्हा आकडा पान्याच्या लांबीत होता तेव्हा तो ज्याच्या हातात पाना त्याचा होता. आज तो एका फायलीत आहे, इंग्रजीत आहे आणि पासवर्डमागे आहे. कंपनीचं सेंटर जवळ नसलेल्या तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीने काय करायचं? तो हाताने आवळणार. आणि बिघडलं की आपण म्हणणार, "हे लोकल गॅरेजवाले असेच!" ज्याला आकडा दिलाच नाही त्याला आकडा न पाळल्याबद्दल दोष देणं हे मला न्यायाचं वाटत नाही.

नांदेडला १९८१ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, लातूरच्या शिकवण्यांचं नाव तर राज्यभर. दोन्हीकडे आयटीआय आहेत. मला मनापासून वाटतं की तिथल्या कुणीतरी आपल्याकडे जास्त चालणाऱ्या दहा-पंधरा गाड्यांचा एक तक्ता मराठीत करावा. बोल्टाचं नाव मिस्त्री म्हणतात ते. आकडा न्यूटन-मीटरमध्ये आणि शेजारी किलो-मीटरमध्ये. आणि आकड्याच्या पुढे त्याच जाड अक्षरात अट: आटे कोरडे की तेल लावून, बोल्ट जुना चालेल की नाही, कुठल्या क्रमाने, किती फेऱ्यांत. कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून, छापून, गॅरेजच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावता येईल असा. शंभरेक रुपयांचं काम आहे.

(कलदार!)